पाठकोरे कागद

शनिवार, ३० नोव्हेंबर २०२४

रिग्गई, कुवेत. गाडीत बसून लिहितोय. वर दुसऱ्या मजल्यावर माझ्या मुलीचा, आर्याचा, पियानोचा तास चालू आहे आणि मला तासभर काही काम नाही. कंपनीने दिलेली २०२४ची डायरी अकरा महिने कोरीच राहिली, ती तशीच टाकवेना म्हणून आज उघडली. कोरा कागद फुकट गेलेला मला बघवत नाही. ऑफिसातून रद्द झालेले फॉर्म मी घरी आणतो, पाठकोरे. आर्याने लहानपणी त्यांच्यावर हत्ती काढले, बायको, चारुता, त्यांच्यावर वाणसामानाच्या याद्या करते. दोघी माझ्या या सवयीला हसतात आणि कागद मात्र वापरतात.

पण आज लिहिण्यासारखं घडलंय. जूनमध्ये आमच्या मंगफच्या बिल्डिंगमधलं एक जर्मन जोडपं कुवेत सोडून गेलं, तेव्हा त्यांचा जुना उभा पियानो आम्ही घेतला. इथे प्रत्येकाच्या घरात सोडून गेलेल्यांचंच सामान असतं. आमचा सोफा लेबनीज कुटुंबाचा, फ्रीज फिलिपिनो नर्सचा. तर पियानोबरोबर बसायचं बाकडं आलं, वर झाकण आणि आत कप्पा असलेलं. काल त्याचा ढिला स्क्रू आवळताना कप्प्याचा तळ हातात आला आणि त्याखाली कागदांचा गठ्ठा निघाला. एक सहा गाण्यांचं छापील पुस्तक, साल १८४६, संगीतकार हाइनरिख रोझेनकाम्प. आणि एक जाड पुठ्ठ्याची वही, हाताने लिहिलेल्या स्वरांची. आतल्या पानावर बारीक अक्षरात नाव : ओटिली रोझेनकाम्प. प्रत्येक गाण्याखाली तारीख. सगळ्या १८४१ ते १८४३मधल्या.

निदाला दोन्ही दाखवलं. निदा म्हणजे आर्याची पियानोची मिस. माणसं रत्नागिरीकडची, जन्म इथला, लंडनला संगीत शिकून परत आली आणि आता आईबरोबर राहून शिकवण्या घेते. तिने वही आणि पुस्तक शेजारी ठेवलं, दोन्ही वाजवून पाहिलं आणि म्हणाली, "अंकल, हे सेम आहे. नोट टू नोट."

एकवीस वर्षं मी डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. ड्रॉइंग कोणी केलं, कोणी तपासलं, कोणी मंजूर केलं, या तीन सह्या कोपऱ्यातल्या चौकटीत असल्याशिवाय माझ्या टेबलावरून कागद हलत नाही. इंजिनियर मंडळी मला पाठीमागे सहीसाहेब म्हणतात. आणि इथे १८४१चं काम १८४६ला दुसऱ्याच्याच नावाने बाहेर पडलेलं! माझं तर डोकंच फिरलं.

मंगळवार, ३ डिसेंबर

वहीत खाडाखोड फार आहे. एके ठिकाणी तीन ओळी काटल्यात, बाजूला पुन्हा लिहिल्यात, पुन्हा काटल्यात. छापील पुस्तकात त्या जागी शेवटची दुरुस्तीच तेवढी आहे. आमच्या धंद्यात हे लहान पोरालाही कळतं. नक्कल करणारा खोडत नाही, बनवणारा खोडतो.

जेवणाच्या सुट्टीत साइटवरच्या दोघांना सांगितलं. एकाने विचारलं, "मग भरपाईचा क्लेम कोण करणार?"

शुक्रवार, ६ डिसेंबर

निदा सकाळी घरी आली. पियानो पाहिला, वही पुन्हा वाचली. म्हणाली, त्या काळी चांगल्या घरातल्या मुलींना वाजवायला शिकवत, पण नाव छापून बाजारात आणणं घराण्याला शोभत नसे. मग भावाच्या नाहीतर नवऱ्याच्या नावाने छापायचं. असं बऱ्याच जणींचं झालंय, कित्येकींचं तर अजून कोणाला माहीतही नाही.

"चोर होता हा हाइनरिख," मी म्हटलं.

चारुता मटार सोलत बसली होती. "चोर कशाला म्हणतोस? छापणाऱ्याने घातलं असेल नाव. त्याने फक्त खोडलं नाही."

"एकच झालं ते!"

"एकच का?" असं म्हणून ती शेंगांची सालं टाकायला उठली.

चारुता अशीच आहे, कोणालाही वाईट म्हणणार नाही. इतका मऊ स्वभाव परदेशात चालत नाही, असं मी तिला लग्नापासून एकवीस वर्षं सांगत आलोय. निदा निघताना ओटिलीचं एक गाणं वाजवून गेली. साधं आहे, वर जाताजाता मध्येच खाली वळतं, एखादी गोष्ट बोलायचं ठरवून न बोलल्यासारखं. मग दिवसभर चारुता तेच गुणगुणत होती, अगदी आपल्या सुरात घोळवून.

बुधवार, ११ डिसेंबर

इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी सुभाषराव येऊन गेले. मंडळाला पंचवीस वर्षं होतायत. ७ फेब्रुवारीला सालमियाच्या शाळेच्या हॉलमध्ये सोहळा, आणि त्या दिवशी एक पुस्तक : पंचवीस वर्षांची पंचवीस गाणी, सगळी इथल्याच लोकांनी केलेली. मी ओटिलीचं सांगितल्यावर पंधरा मिनिटं मलाही मिळाली. मी बोलायचं, आर्याने पियानो वाजवायचा. आमची मुलगी सभासदांसमोर पहिल्यांदाच वाजवणार.

पुस्तकाची प्रुफं तपासायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात. "गद्रे, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही," सुभाषराव म्हणाले. खरं आहे ते.

पंचवीसपैकी चौदा गाण्यांवर नाव आमचं आहे. गीत-संगीत : आलोक गद्रे. गणपतीची, दिवाळीची, कोजागिरीचं एक. शब्द माझे. चाल घरातच होते. मी शब्द लिहून डायनिंग टेबलावर ठेवतो, दोन-तीन दिवसांनी स्वयंपाकघरातून चाल ऐकू येते, मग मी 'इथे जरा वर जाऊ दे' वगैरे सुचवतो. गाते चारुता. फॉर्म माझ्या नावाने जातो, कारण मंडळाचा सभासद म्हणजे ज्याच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, बायकामुलं इथे आहेत तो, आणि फॉर्मला त्याचाच सिव्हिल आयडी जोडायचा असतो. पद्धत चांगली आहे, घोळ होत नाही. चौदांपैकी तेरा गाणी लोक अजून मागून घेतात. फक्त २००९चं स्वागतगीत कोणी दुसऱ्यांदा गायलं नाही, का कोण जाणे.

शनिवार, २१ डिसेंबर

जर्मन बाईंचं, हाइकेंचं, उत्तर आलं. पियानो त्यांच्या आजीकडून आलेला. रोझेनकाम्प हे आजीचं माहेर, हाइनरिख हा ओटिलीचा भाऊ. ओटिलीबद्दल घरात एवढंच ठाऊक आहे की ती एका औषधविक्याला दिली होती आणि तिचे हात फार सुंदर होते. 'हात' वाचून मला राग आला. इतकं करून माणसांच्या लक्षात काय राहिलं, तर हात. लग्नाची तारीख हाइकेंनी चर्चच्या नोंदीवरून कळवलीय; वहीतली शेवटची तारीख तिच्या आदल्या महिन्यातली आहे. त्यानंतर एक अर्धी ओळ, मग कोरी पानं.

आज निदाकडेच जेवण होतं. तिच्या आई अमिरुन्निसाबाईंनी सुरमईचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. चारुता त्यांच्याबरोबर भाकऱ्या थापत गुणगुणत होती, आमचंच कोजागिरीचं गाणं. अमिरुन्निसाबाई भाकरी तव्यावर टाकायच्या थांबल्या.

"काय चाल हाय गो! ही कोनी बांधलान?"

"घरातलीच आहे," चारुता म्हणाली.

"घर गात नाय बाय. मानूस गातो."

सगळे हसलो. अमिरुन्निसाबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. "शब्द माझे आहेत," मी म्हटलं. त्यांनी मला आणखी एक तुकडी वाढली.

मंगळवार, ३१ डिसेंबर

बायोमेट्रिकची शेवटची तारीख. अर्ध्या फर्वानियाबरोबर रांगेत तीन तास. चारुताने ऑक्टोबरमध्येच बोटं उमटवून घेतली होती आणि मला चार वेळा आठवण केली होती. रांगेत शेजारच्या केरळी गृहस्थाला ओटिलीची कथा सांगितली. तो म्हणाला, त्याची बहीण घरातल्या प्रत्येक लग्नात गाणी करते, आता तिला विचारलं पाहिजे ती कुठे लिहून ठेवलीयत का. मी म्हटलं, जरूर विचार, आजच फोन कर. आपल्यामुळे कोणाचं काही वाचलं तर बरंच की.

मंगळवार, १४ जानेवारी

डायरी २०२४चीच आहे, पण जानेवारीची पानं कोरी पडलीयत. वरचं साल खोडून २०२५ केलं आणि सही केली.

संक्रांत. तीळ भारतातून आले होते, गूळ इथल्या बाकाल्यातला, कोपऱ्यावरच्या वाण्याकडचा. चारुताचे लाडू जरा कडक झाले, तरी मी पाच खाल्ले.

प्रुफं पूर्ण झाली. एकशेबारा चुका निघाल्या. माझ्या आडनावातला 'द्रे' दोन ठिकाणी 'द्र' झाला होता, तोही दुरुस्त केला. पाठवण्याआधी चारुताला म्हटलं, तू एकदा नजर टाक. तिने एकेक पान सावकाश उलटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो, शाबासकीची वाट बघत.

"छान छापतायत," ती म्हणाली. "कागद चांगला आहे."

मी मंजूर म्हणून सही केली आणि पाठवून दिली.

शुक्रवार, २४ जानेवारी

काहीतरी बिनसलंय. सोहळ्यासाठी नवं गीत लिहून मी दहा दिवसांपूर्वी टेबलावर ठेवलं. कागद अजून तिथेच आहे, त्यावर मिठाची बरणी ठेवलीय. स्वयंपाकघरातून चाल नाही. काल विचारलं तर चारुता म्हणाली, "या वर्षी मी गात नाही. दुसऱ्या कोणाला तरी गाऊ दे."

"घसा?"

"हो, घसा."

आर्याला विचारलं. "शी'ज फाइन, बाबा. गाडीत गात होती." मग माझ्याकडे बघत मान हलवून म्हणाली, "यू रिअली डोन्ट नो?" आणि कानात तिची ती बोंडं घालून बसली.

चारुताला सरळ विचारलं, माझं काही चुकलं का. म्हणाली, काही नाही, तू ओटिलीचं बघ. रागावली असती तर परवडलं असतं. तिने जेवणात माझी आवडती भरली वांगी केली होती आणि मला ती गोड लागली नाहीत. चोवीस वर्षांच्या ओळखीत ही बाई गायची थांबलेली मी पाहिलेली नाही. घर इतकं गप्प आहे की फ्रीजचा आवाज येतो.

मंगळवार, २८ जानेवारी

म्हटलं, चाल आपणच लावू. तीन संध्याकाळी प्रयत्न केला. पहिली ओळ लागते, दुसऱ्या ओळीला आरती होते. तिसऱ्या दिवशी आर्याने खोलीचं दार लावून घेतलं.

इतकी वर्षं मला प्रामाणिकपणे वाटत होतं की चालीत माझाही हात आहे. 'इथे जरा वर जाऊ दे' एवढ्यावर हात असतो का, हे आता कळेनासं झालंय.

शनिवार, १ फेब्रुवारी

आज तास नाही, तरी लिहितो. लिहिल्याशिवाय राहवणार नाही.

सकाळी भाषणाची प्रत छापायची होती. प्रिंटरमध्ये कागद नव्हता. चांगला कागद कशाला वाया घालवायचा म्हणून पाठकोऱ्यांचा खण उघडला. वरचे संपले होते. खालचे काढले तर ते पाठकोरे नव्हते.

एका बाजूला आमच्या कंपनीचा फॉर्म, ड्रॉइंगबरोबर पाठवायचा, रद्दचा शिक्का, खाली माझी सही. दुसऱ्या बाजूला चारुताच्या अक्षरात सा रे ग म. पहिलाच कागद कोजागिरीच्या गाण्याचा. अंतऱ्याची सुरुवात सात वेळा खोडलेली, सात वेळा पुन्हा लिहिलेली. आठवी ठेवलीय, तीच आपण सगळे गातो. कोपऱ्यात तारीख आणि कसली कसली नोंद : 'आर्याला ताप, रात्री सुचलं.' 'इथे आलोक वर जा म्हणतो, ऐकल्यासारखं करायचं.' तेरा गाणी, साठ-सत्तर कागद. रबर लावून, वर्षांप्रमाणे.

मी त्या खणापाशी फरशीवर बसलो. दोन महिने मी एका मेलेल्या जर्मन माणसाला चोर म्हणतोय, तेही हिच्या तोंडावर. आणि ती मटार सोलत म्हणाली, त्याने फक्त खोडलं नाही.

२००८चा गणेशोत्सव मला आठवतो. माइकवरून पुकारलं, गीत-संगीत आलोक गद्रे, टाळ्या झाल्या, आणि मी उठून नमस्कार केला. शब्दांचाच म्हणून केला असेल. पण खाली बसलो तो काही न बोलता. पुढच्या वर्षांत मला तेवढीही अडचण वाटली नाही.

कागद घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ती कणीक मळत होती.

"हे तू ठेवलंस?"

"पाठकोरे होते. तूच म्हणतोस ना, फुकट घालवू नयेत."

"चारुता, तू बोलली का नाहीस कधी?"

"बोलले होते. पहिल्या वर्षी, घरी येताना गाडीत. तू म्हणालास, तुझं-माझं काही वेगळं आहे का." ती कणीक मळतच होती. "तेव्हा मला ते गोडही वाटलं होतं, खोटं कशाला सांगू."

मला हे बोलणं आठवत नाही. त्याचंच जास्त लागलं. ती सोळा वर्षं लक्षात ठेवून आहे आणि मी सिग्नल हिरवा होईपर्यंतही ठेवलं नसणार.

"मग आता काय झालं?"

"आता पुस्तक झालं, आलोक. माइकवरचं हवेत जातं. पुस्तक आर्या घेऊन जाईल, जाईल तिथे. शंभर वर्षांनी एखादं बाकडं उघडून कोणी शोधायला बसलं, तर मी त्यात सापडणार नाही. ओटिलीने निदान वहीवर नाव घातलं होतं. मी तर तेही नाही घातलं."

मी रडलो. ती रडली नाही, तिचे हात कणकेचे होते. कोपरानेच मला बाजूला सारत म्हणाली, "पिठात नको." मग थोड्या वेळाने तिने डोकं माझ्या खांद्याला टेकवलं.

सोमवार, ३ फेब्रुवारी

सुभाषरावांना फोन. पुस्तकं छापून झाली, तीनशे प्रती, बांधलेल्या.

"अहो गद्रे, घरातल्या घरात काय एवढं? वहिनी काय आणि तुम्ही काय."

"सुभाषराव, हेच वाक्य मी सोळा वर्षं वापरलंय. आता मला ते ऐकवत नाही."

ते म्हणाले, पुस्तक पुन्हा छापणं होणार नाही, पण शुद्धिपत्र चिकटवा. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी हॉल उघडा मिळेल. शिवाय यापुढच्या फॉर्मवर कलाकाराच्या नावाची वेगळी ओळ घालतो असंही म्हणाले. त्यांच्याकडून हे मी मागितलंही नव्हतं. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "आमच्या हिलाही विचारतो एकदा. आमच्याकडे नाटकाचे पोशाख पंचवीस वर्षं तीच शिवते. नाव माझं जातं."

मजकूर मीच केला आणि फहाहीलच्या दुकानातून छापून आणला. शुद्धिपत्र. या पुस्तकातील पुढील चौदा गाण्यांचे संगीत : सौ. चारुता आलोक गद्रे. खाली पानांचे आकडे. चारुताला मुद्दाम सांगितलेलं नाही. यंत्रासमोर उभं राहून तिचं नाव तीनशे वेळा बाहेर पडताना पाहिलं.

घरी आलो तर टेबलावरच्या कागदावरून मिठाची बरणी हललेली होती. स्वयंपाकघरात नवं गीत चालू होतं. अर्धवट, परत पहिल्यापासून, पुन्हा अर्धवट. 'इथे जरा वर' असं तोंडाशी आलं होतं. गिळलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

रिग्गई, गाडीत. आज चारुताही बरोबर आहे, शेजारी बसून पुस्तक वाचतेय. कालचं लिहून काढतो.

सकाळी आठला मी आणि आर्या हॉलवर पोचलो. गठ्ठे सोडले, गोंद काढला. पहिलंच शुद्धिपत्र हातात घेऊन आर्या थांबली आणि हसत सुटली.

"काय झालं?"

"बाबा. यू पुट युवर नेम इन इट अगेन."

मी वाचलं. सौ. चारुता आलोक गद्रे. खरंच की. तिच्या चाली परत करायला निघालो, आणि मध्ये पुन्हा मीच उभा. लग्नाच्या पत्रिकेपासून इकाम्यापर्यंत हात असाच लिहीत आलाय, त्याला वेगळं सांगावं लागतं हे लक्षातच आलं नाही.

पुन्हा छापायला वेळ नव्हता. खिशातून पेन काढलं, आर्याच्या पिशवीतली पट्टी घेतली. कागदावरचा शब्द रद्द करायची आमच्यात पद्धत ठरलेली आहे. गिरवायचं नाही, पांढरं लावायचं नाही. एक सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी खोडणाऱ्याची सही. आर्या चिकटवत गेली, मी खोडत गेलो. सौ. आणि आलोक, दोन्ही. तीनशे वेळा. दोनशेनंतर बोटं वळेनात. त्याने फक्त खोडलं नाही, असं ती म्हणाली होती. हाइनरिखला कदाचित एवढंच काम होतं, एका सकाळचं.

दहाला चारुता साड्यांची पिशवी घेऊन आली आणि आमच्यासमोर उभी राहिली. एक प्रत उचलली, वाचली. मग माझ्या निळ्या झालेल्या बोटांकडे पाहिलं. "नाश्ता केलात का दोघांनी?" एवढंच विचारलं, आणि डबा काढून बसली. दुपारपर्यंत ती प्रत तिच्या हातातून खाली ठेवलेली मी पाहिली नाही.

संध्याकाळी मी पंधरा मिनिटांतली सहाच घेतली. ओटिलीचं सांगितलं, वहीचं, खाडाखोडीचं. मग म्हटलं की हाइनरिखबद्दल मी आठवडाभरापूर्वीपर्यंत फार कडक बोलत होतो, आता बोलणार नाही, कारण माझी आणि त्याची चांगली ओळख झालीय. शुद्धिपत्र सगळ्यांनी वाचलंच होतं. लोक हसले. आर्याने ओटिलीचं गाणं वाजवलं आणि शेवटी ती अर्धी ओळही, जिथे तुटते तिथपर्यंत. दोन ठिकाणी चुकली. मला तरी ते कळलं नाही, हे तिनेच नंतर सांगितलं.

मग पुकारलं : "गीत, आलोक गद्रे. संगीत आणि गायन, चारुता गद्रे."

टाळ्या आल्या. चारुता उठून उभी राहिली, पण नमस्कार करायचं विसरली. आपल्या मागे आणखी कोणी उभं आहे का, असं वळून पाहिलं तिने. तिसऱ्या रांगेतून अमिरुन्निसाबाईंचा आवाज आला, "आता बरोबर बोललास!" सगळा हॉल हसला, तेव्हा तिचे हात जुळले. मग ती गायली. माझे शब्द बरेच साधारण आहेत, हे मला काल पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आलं. चालीमुळे ते सोळा वर्षं खपून गेले. हिच्यावर माझं प्रेम आहे हे मी लिहीत नसतो, पण आता लिहून ठेवतो, नंतर कोणी शोधायला नको.

हाइकेंना सकाळी कळवलं. वही पुढच्या आठवड्यात कुरियरने जाईल, त्यांच्या गावच्या संग्रहालयात, ओटिलीच्या नावाने.

एवढं लिहीपर्यंत शेजारून आवाज आला.

"आलोक, यात चूक आहे."

माझं पेन थांबलं. "कुठे?"

"पान सव्वीस. २००९चं स्वागतगीत. हे माझं नाही."

"म्हणजे?"

"आर्याच्या वेळी मी तेव्हा आईकडे होते ना. ही चाल तुझी आहे. आख्खी." तिने चष्मा खाली केला. "माझ्या नावावर मला ती नको. मेल्यावर कोणी शोधलं तर काय म्हणेल?"

मला इतकं हसू आलं की हॉर्नवर कोपर पडलं आणि रिग्गईतल्या एका बाल्कनीत माणसं बाहेर आली. तीनशे प्रती मंगफपासून जहरापर्यंत घरोघरी गेल्यात. आता शुद्धिपत्राचं शुद्धिपत्र काढावं लागणार.

"आण ते पेन," ती म्हणाली.

पुस्तक मांडीवर ठेवून, माझ्या डायरीची कड पट्टीसारखी धरून तिने 'चौदा'वर एक सरळ रेघ मारली आणि वर 'तेरा' लिहिलं. सव्वीस हा आकडाही काटला. मग थोडं थांबून शेजारी सही केली. चारुताची सही मी बँकेच्या आणि इकाम्याच्या कागदांवर पाहिलीय, मी बोट ठेवीन तिथे केलेली. इथे तिला जागा कोणी दाखवली नव्हती.

"तारीख राहिली," मी म्हटलं.

तिने तारीखही घातली.